पहिल्या वर्षाला डॉर्म घ्यायलाच लागतं का?

अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश झाल्याचे पेढे संपायच्या आत मराठी घरात विषय निघतो : "डॉर्म घ्यायलाच लागतं का? चौघांनी मिळून बाहेर अपार्टमेंट घेतलं तर निम्म्यात भागेल." मी इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या हाउसिंग ऑफिसात, म्हणजे डॉर्म (कॉलेजची होस्टेलं) सांभाळणाऱ्या ऑफिसात, काम करते. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅम्पसवर राहण्याच्या अटीतून सूट द्यायची की नाही, ते अर्ज माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. काही इथले असतात, काही पुण्या-नाशकाहून, मुलाला थेट बारावीनंतर पाठवणारे. सगळ्यांना तेच सांगायचं असतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

देशभर लागू असा कुठलाही कायदा नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापला नियम करतं. येलमध्ये पहिली दोन वर्षं कॅम्पसवर राहावंच लागतं, ड्यूकमध्ये तीन. ओहायो स्टेटची अट दोन वर्षांची. पेन स्टेटच्या युनिव्हर्सिटी पार्क कॅम्पसवर आणि व्हर्जिनिया टेकमध्ये ती पहिल्या वर्षापुरती. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसचा प्रकार थोडा निराळा. तिथे पहिलं वर्ष 'सर्टिफाइड' जागेत काढावं लागतं, पण त्या यादीत विद्यापीठाच्या इमारतींबरोबर काही खासगी हॉलही येतात. पर्ड्यू आणि रटगर्सला अशी सक्ती नाही. तेव्हा "माझ्या नणंदेच्या मुलाला तर नव्हतं लागलं" हा पुरावा धरू नका. नणंदेचा मुलगा कुठल्या कॉलेजात होता, ते आधी विचारा.

सक्ती आणि हमी या दोन गोष्टींची गल्लत फार होते. बर्कलीत नव्या मुलांना जागेची हमी असते, सक्ती नसते, आणि ती हमीही मुदतीत अर्ज केला तरच. उलट जिथे सक्ती असते तिथे जागा मिळणार हे नक्की, पण कुठल्या इमारतीत, किती जणांच्या खोलीत, हे नक्की नसतं. कॉलेजच्या वेबसाइटवर 'लिव्ह-ऑन रिक्वायरमेंट' किंवा 'हाउसिंग रेसिडेन्सी रिक्वायरमेंट' असं शोधा. नुसतं 'रेसिडेन्सी' शोधलंत तर इन-स्टेट फीचं (त्या राज्याच्या रहिवाशांना लागणाऱ्या कमी फीचं) पान उघडेल, त्याचा इथे संबंध नाही. आणि पानावर कोणत्या वर्षाचा नियम आहे तेवढं बघा, कारण दरवर्षी काहीतरी बदलतं.

कॉलेजं हे का करतात? मुलं कॅम्पसवर राहिली की रुळतात, अभ्यासात टिकतात, मित्र होतात, असं वेबसाइटवर लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण बहुतेक डॉर्म कर्जरोखे काढून बांधलेले असतात आणि ते कर्ज खोल्यांच्या भाड्यातून फिटतं, हे तिथे कुणी लिहीत नाही. खाटा रिकाम्या ठेवणं ऑफिसला परवडत नाही. हे डोक्यात असलं की सूट मागताना आमचं ऑफिस इतकं कडक का असतं ते कळेल.

सूट कुणाला मिळते

कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच : ठरावीक वयाच्या वर असणं (बरेचदा २१), लग्न झालेलं असणं, स्वतःचं मूल असणं, लष्करात सेवा झालेली असणं, पार्ट-टाइम शिक्षण, वैद्यकीय कारण, धार्मिक कारण, आणि आईवडिलांच्या घरून ये-जा करणं. या शेवटच्यावर आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त अर्ज येतात. अंतराची मर्यादा कॉलेज ठरवतं. ओहायो स्टेटला ती २५ मैल आहे.

इथेच काकांचा पत्ता येतो. आईवडील भारतात, काका कॅम्पसपासून पंधरा मिनिटांवर, घरात खोली रिकामी. आपल्या दृष्टीने यात विचारायचं काही नसतंच. पण नियमात 'पेरेंट किंवा लीगल गार्डियन' असं लिहिलेलं असतं, आणि सख्खा काका झाला तरी कोर्टाच्या कागदाशिवाय तो गार्डियन होत नाही. काही कॉलेजं जवळचे नातेवाईक चालवून घेतात. तसं असेल तर ते स्पष्ट छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर कुणी "हो चालेल बहुतेक" म्हणालं त्याला काही किंमत नाही, आणि हे मी फोनच्या या बाजूला बसून सांगते आहे.

काकांचा पत्ता देऊन प्रत्यक्षात मित्रांबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायचा बेत असेल तर तो आजच सोडा. ये-जा करण्याच्या अर्जासोबत बरेचदा नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. ते खोटं निघालं तर खोलीचं बिल लागू शकतं आणि शिस्तीची कारवाई वेगळी होते. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या मुलाने तर असल्या भानगडीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

वैद्यकीय कारणाचे निम्मे अर्ज कागदांतच अडकतात. 'विद्यार्थ्याला दमा आहे' एवढंच लिहिलेलं पत्र आलं की मला ते परत पाठवावं लागतं. डॉक्टरांनी काय लिहायला हवं? आजाराचं नाव तर हवंच, पण राहण्याच्या जागेत नेमकी काय अडचण येते आणि काय असलं तर ती दूर होते, हे त्याहून महत्त्वाचं. गालिचा नको, एसी हवा, वरच्या मजल्याला लिफ्ट हवी, स्वतंत्र बाथरूम हवं, असं. असं पत्र आलं की ते अपंगत्व सेवा कार्यालयाकडे जातं, आणि तिथून बहुतेक वेळा सूट मिळत नाही, तशी खोली मिळते. पालक नाराज होतात. खरं तर मुलाला एसीची, बिनगालिच्याची खोली मिळाली म्हणजे काम झालं. पण अर्ज करताना मनात अपार्टमेंट असतं, त्याला काय करणार!

"परवडत नाही" हे कारण आमच्याकडे क्वचितच टिकतं. त्यासाठी आधी फायनान्शियल एडच्या (आर्थिक मदतीच्या) ऑफिसात जा. आणि घरून ये-जा करायचं ठरवण्यापूर्वी एक आकडेमोड करून घ्या. एड ठरवताना कॉलेज राहण्या-जेवणाचा खर्च धरतं. मूल घरी राहणार म्हटलं की तो आकडा खाली येतो आणि कधी कधी एडही कमी होते. डॉर्मचे वाचलेले पैसे आणि कमी झालेली मदत शेजारी शेजारी मांडा, मग ठरवा.

सूट मागण्याचा अर्ज हाउसिंगच्या करारावर सही करण्यापूर्वी करायचा. आधी सही, मग सूट, असा उलटा प्रवास करणाऱ्यांना रद्द करण्याचे पैसे भरावे लागतात.

करार मुलाचा आहे

प्रवेश पक्का करायची तारीख बऱ्याच कॉलेजांत १ मे असते. ते डिपॉझिट भरलं की खोली आपोआप मिळते असं समजू नका. हाउसिंगचा अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी, आणि ती फी सहसा परत मिळत नाही. काही ठिकाणी ज्याचा अर्ज आधी त्याची निवड आधी, काही ठिकाणी लॉटरी. पहिल्या प्रकारात एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि मेचा शेवटचा आठवडा यांत एसीच्या इमारतीचा फरक पडतो.

करार पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो. डिसेंबरमध्ये रूममेटशी पटेना म्हणून खोली सोडता येत नाही; फार तर बदलून मागता येते. करार वाचताना तीन गोष्टींखाली रेघ मारा : रद्द करण्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेनंतर किती पैसे कापणार, हिवाळी सुट्टीत इमारत उघडी असते की बंद, आणि कॉलेज सोडलं तर उरलेल्या भाड्याचं काय. यातली दुसरी भारतातून आलेल्या मुलांना फार नडते. डिसेंबरच्या सुट्टीत कित्येक इमारतींना कुलूप लागतं. इथली मुलं घरी जातात, आपलं मूल बॅग घेऊन कुणाकडे जाणार? 'ब्रेक हाउसिंग' असलेली इमारत अर्जातच मागून घ्या.

मुलगा अठराच्या आत असेल तर करारावर पालकांची सही लागते. म्हणून करार पालकांचा होत नाही. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. कॉलेजात शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क त्याचा असतो, मग वय काहीही असो. तुम्ही फोन करून "आमच्या निखिलला कुठली खोली मिळाली?" असं विचारलंत, तर आमच्या ऑफिसातून उत्तर येईल की निखिलला फोन करायला सांगा. त्याने लेखी परवानगी दिलेली असेल तरच आम्ही बोलतो. मराठीत विचारलंत तरी मला सांगता येत नाही. माफ करा, नोकरी आहे.

याच कारणासाठी फॉर्म मुलाला भरू द्या. रूममेटच्या जुळवाजुळवीसाठी एक प्रश्नावली असते : कधी झोपता, खोली किती नीटनेटकी ठेवता, अभ्यासाला शांतता लागते का, पाहुणे आलेले चालतात का. आईने भरलेला फॉर्म मला दुरूनही ओळखू येतो. झोप रात्री दहाला, उठणं सहाला, स्वच्छता एक नंबर, पाहुणे अजिबात नकोत. मग त्या मुलाला खरोखरच दहाला झोपणारा रूममेट मिळतो आणि हा रात्री दोनपर्यंत हेडफोन न लावता गेम खेळतो. सप्टेंबरात दोघंही आर.ए.च्या दारात उभे. आर.ए. म्हणजे त्याच मजल्यावर राहणारा, वरच्या वर्गातला विद्यार्थी. भांडणात पहिलं दार त्याचं. तो दोघांना बसवून रूममेट ॲग्रीमेंट भरून घेतो. तो कागद मुलं थट्टेवारी नेतात, पण पुढे खोली बदलून मागायची वेळ आली तर ऑफिस पहिल्यांदा तोच काढून बघतं.

भारतातून येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

एफ-१ व्हिसावर आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) वरच्या प्रोग्राम सुरू होण्याच्या तारखेच्या आधी ३० दिवसांपर्यंत देशात येता येतं. डॉर्म मात्र त्याच्या तारखेलाच उघडतं. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आठवडाभर आधी येणारी मुलं बॅगांसकट कुलूपबंद इमारतीसमोर उभी राहतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन आधी असेल तर लवकर राहायला यायची सोय असते, पण ती मागावी लागते आणि बरेचदा रोजाचे पैसे पडतात. आधी ऑफिसची तारीख, मग विमानाचं तिकीट. पुढे राहण्याचा पत्ता बदलला तर १० दिवसांच्या आत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवायचं. डॉर्मची खोली बदलली तरी विचारून घ्या.

लसीचं भारतातूनच उरकून या. टेक्सासमध्ये २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना बॅक्टेरियल मेनिंजायटिसची लस घेतल्याचा दाखला लागतो. लस गेल्या ५ वर्षांतली हवी आणि वर्ग सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली. इतर राज्यांचे आणि कॉलेजांचे नियम आपापले. दाखल्यावर लसीचं नाव, तारीख, डॉक्टरांची सही, सगळं इंग्रजीत.

जेवण

डॉर्म म्हटलं की मील प्लॅन (सत्राच्या जेवणाचे आगाऊ पैसे) बहुतेक ठिकाणी गळ्यात पडतोच. 'आम्ही शाकाहारी आहोत' या कारणावर तो सुटत नाही, कारण डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी काउंटर असतो आणि कागदावर तेवढं पुरतं. कांदा-लसूणही चालत नसेल तर धार्मिक कारण म्हणून स्वतंत्र अर्ज करा, आणि डायनिंगच्या आहारतज्ज्ञांना भेटा. ॲलर्जी असेल तर वाट अपंगत्व सेवा कार्यालयातून जाते. ज्यांना असं काही नाही त्यांनी पहिल्या सत्रात सगळ्यात मोठा प्लॅन घेऊ नये, हे माझं मत. आठवड्याचे 'स्वाइप' (एक स्वाइप म्हणजे एक जेवण) उरले तर बहुतेक ठिकाणी ते वाया जातात. मुलगा सकाळी नाश्त्याला उठणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. सत्राच्या सुरुवातीला काही दिवस प्लॅन बदलायला मुभा असते. ती तारीख मुलाच्या फोनमध्ये टाकून ठेवा.

बॅगेत काय नको

कुकर, मिक्सर, इंडक्शन, उदबत्त्या, निरांजन. बंदीच्या यादीत मेणबत्ती आणि उदबत्ती ठळक असतात, हॉटप्लेट असते, स्पेस हीटर असतो, आणि साधी एक्स्टेंशन कॉर्डही असते (सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी चालते). राइस कुकरचं कॉलेजागणिक बदलतं. भारतातली २३० व्होल्टची उपकरणं इथल्या १२० व्होल्टवर तशीही धड चालत नाहीत, त्यामुळे त्यांचं वजन विमानात वाहून आणण्यात अर्थ नाही.

आगीच्या बाबतीत कुणीच ऐकून का घेत नाही, ते सांगते. १९ जानेवारी २००० रोजी न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉलमध्ये पहाटे आग लागली. पहिल्या वर्षाच्या मुलांचंच ते डॉर्म. तीन मुलं गेली, कित्येक जखमी झाली. आग मुद्दाम लावलेली होती, उदबत्तीची नव्हती. पण त्याआधी तिथे इतके खोटे अलार्म वाजून गेले होते की त्या पहाटे कित्येकांनी पांघरुणातून डोकंही बाहेर काढलं नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीने डॉर्ममध्ये स्प्रिंकलर सक्तीचे केले. म्हणून धुराने अलार्म वाजवणाऱ्याला दंड असतो, आणि अलार्म वाजला की थंडीत, चपला घालून, सगळ्यांनी खाली यायचं असतं. देवापुढे बॅटरीचा दिवा ठेवा. सणाला ज्योत लावायचीच असेल तर काही कॉलेजांत परवानगीचा फॉर्म असतो, आणि तिथला प्रार्थनेचा हॉल त्यासाठी बरा.

पलंगाची गादी 'ट्विन एक्सएल' असते, ३९ बाय ८० इंच. घरातली साधी ट्विनची चादर ७५ इंचांच्या गादीची, ती कोपऱ्यातून निसटते. चादरी इथेच घ्या.

खोलीत पाय ठेवल्यावर सामान उघडण्याआधी भिंती, गादी, टेबल, खिडकीची जाळी, सगळ्याचे फोटो काढा आणि 'रूम कंडिशन रिपोर्ट' भरा. तो न भरणाऱ्यांना मे महिन्यात आधीच्या मुलाने पाडलेल्या भोकाचे पैसे भरावे लागतात. मुलाच्या लॅपटॉपची जबाबदारी कॉलेज घेत नाही. तुमचं इथे घर असेल तर होमओनर्स पॉलिसीत (घराच्या विम्यात) डॉर्ममधलं सामान येतं का ते एजंटला विचारा, बऱ्याच पॉलिसींत काही मर्यादेपर्यंत येतं. नसेल तर रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूच्या सामानाचा विमा) काढा. ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) डॉर्म आणि मील प्लॅनचे पैसे काढता येतात, मूल निदान हाफ-टाइम शिकत असेल तर. बाहेरच्या अपार्टमेंटलाही चालतं, पण कॉलेजने राहण्या-जेवणासाठी धरलेल्या रकमेपर्यंतच. त्यामुळे कॉलेजचा तो आकडा आधी बघा.

आणि ऑक्टोबरमध्ये सावध राहा. पहिल्या वर्षाची मुलं जेमतेम रुळलेली असतात आणि घरमालक पुढच्या वर्षाचे लीज (भाडेकरार) घेऊन कॅम्पसच्या कडेला उभे असतात. दोन महिन्यांच्या ओळखीवर चौघं मिळून सही करतात. हे लीज बहुतेक १२ महिन्यांचं असतं, आणि त्यात 'जॉइंट अँड सेव्हरल' असेल तर एकाने पळ काढला तरी त्याचं भाडं उरलेल्यांकडून वसूल होतं. पालकांना जामीन राहायला सांगतात ते याच कागदावर. अशा वेळी कॉलेजमध्ये स्टुडंट लीगल सर्व्हिसेस नावाचं ऑफिस आहे का बघा. बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिट्यांत ते असतं, आणि विद्यार्थ्याचं लीज फुकट किंवा नाममात्र पैशांत वाचून देतं. सही त्यानंतर.